दर सोमवारी एक कोळंबी

"मावशी, कोळंबी मरते कशानं हो?"

मित्रांनो, हा प्रश्न कुणी कुणाला विचारला ते ऐका. दिवाळे गावच्या जेटीजवळ सरस्वती मावशी मावरं, म्हणजे मासळी, विकायला बसतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर कोळंबीचे पाच-सहा वाटे मांडलेले होते, आणि अर्थातच त्यातली एकही जिवंत नव्हती. त्या वाट्यांपुढे उकिडवं बसून आमच्या उन्नतीनं, वय वर्षं पंधरा, अगदी गंभीर चेहऱ्यानं हा प्रश्न विचारला. मैत्रिणींनी पैज लावली होती ना! "हिंमत असेल तर विचारून दाखव," मनस्वी म्हणाली होती. संघमित्रा तर आधीच तोंडात ओढणीचा बोळा कोंबून उभी होती.

मावशी काय म्हणाल्या ते पुढे सांगते. आधी मी कोण ते ऐका. ओळखीपाळखीशिवाय कुणाचं ऐकून घ्यायची तुम्हा माणसांना सवय नाही.

मी एक जुनी काचेची टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि उजव्या कोपऱ्यात टवका उडालेली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं आरपार पाहिली आहेत. काचेला तेवढंच येतं. आणि खरं सांगू? बहुतेकांच्या आत पाहण्यासारखं फार काही नसतं.

माझा जन्म पावणे गावातल्या एका गाळ्यात झाला. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पत्रा कापायचे, त्या कर्कश आवाजात सदू नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं काच कापायच्या हिरकणीनं रेघ ओढून माझ्या पाच काचा कापल्या आणि सिलिकॉननं जोडल्या. मग काठोकाठ पाणी भरून मला तीन दिवस तसंच ठेवलं. गिऱ्हाईक घाई करत होतं, तर सदू म्हणाला, "पान्याला वेळ द्या सायेब. पानी खोटं बोलत नाय." मित्रांनो, माझ्या आयुष्यात भेटलेला हा पहिला शहाणा माणूस. दुसरा भेटायला मला नऊ वर्षं लागली.

तिथून मी गेले हौसेराव इस्टेट एजंटांच्या ऑफिसात. विमानतळाचं नाव घेऊन फ्लॅट विकणं हा यांचा धंदा. कुणीतरी त्यांना सांगितलं की डोक्यावर टेंगूळ असलेला मासा पाळला की गिऱ्हाईक खेचलं जातं. झालं! आला टेंगूळवाला मासा. येणारा-जाणारा माझ्यासमोर उभा राहून "वा, काय टाकी आहे!" म्हणायचा, आणि मीसुद्धा तेव्हा लहान होते, मला खरंच वाटायचं. माशाला हौसेराव दिवसातून पाच वेळा खायला घालायचे. प्रत्येक व्यवहाराला एक मूठ. एका चांगल्या महिन्यात तो मासा खाऊन खाऊनच मेला. त्यानंतर माझ्यात इमारतींची माहितीपत्रकं, दोन हेल्मेटं आणि एक फाटकी छत्री राहायला आली. माझं कौतुक करणारा एकही माणूस नंतर माझ्याकडे फिरकला नाही. मला वाईट वाटलं होतं, पण ते मी कुणाला कशाला सांगू!

मग केतन नावाचे गृहस्थ बायको-मुलीसह नेरुळला भाड्यानं घर शोधत आले. करार झाला आणि हौसेरावांनी उदार होऊन मला भेट दिलं. अडगळ गेली आणि उपकारही झाले, त्याला इस्टेट एजंट म्हणतात.

केतन म्हणजे उन्नतीचे बाबा आणि वैशाली म्हणजे तिची आई. या घरात माझ्यात आधी चार गप्पी मासे आले. नंतर उन्नतीनं हट्टानं चाळीस लाल चेरी कोळंब्या आणल्या. शोभेच्या बरं का, नखाएवढ्या. तळायच्या नव्हेत, जरी बाबांनी पहिल्याच दिवशी "मसाला किती लागेल गं?" असा विनोद करून स्वतःच हसून घेतलं होतं.

या प्राण्याबद्दल या घराला काय माहीत होतं? शून्य! कोळंबी वाढते तशी कात टाकते, हेसुद्धा नाही. पहिली रिकामी कात दिसली तेव्हा आईनं चक्क हात जोडले. "गेली गं बिचारी, बघ कशी पांढरी पडली." ती बिचारी मागे शेवाळ खात बसली होती, ठणठणीत! मग उन्नतीनं वाचून काढलं की कात टाकल्यावर कोळंबीचं अंग मऊ असतं, तेव्हा तिला लपायला जागा हवी. कात तशीच राहू द्यायची, कारण त्या ती खातात. पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं थोडं बदलायचं. नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालायचं नाही. चला, म्हटलं, एक डोकं तरी चालतंय.

आणि तरीही त्या मरू लागल्या.

एक मेली, मग दुसरी. कात नव्हे, खरंच मेलेली, आडवी आणि गुलाबी पडलेली. त्यानंतर घरात जी तपासणी सुरू झाली तिला मी काय म्हणू! आई म्हणाली, उदबत्तीचा धूर लागला असेल, म्हणून देवघर दुसऱ्या खोलीत गेलं. बाबा म्हणाले, "उन्नती हात न धुता टाकीत घालते. शाळेतून आली की तशीच घालते, मी पाहिलंय." उन्नतीनं अमोनिया तपासला, तो नव्हता. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुतला, खाणं निम्मं केलं, मच्छरांचा फवारा घरातून हद्दपार केला. हे सगळं बरोबरच होतं हो. फक्त मारेकरी त्यात नव्हता. गप्पी मासे तर मजेत फिरत होते. त्यांच्याकडे बघून बाबा म्हणायचे, "पाण्यात दोष असता तर हे नसते का मेले?"

हे वाक्य ऐकलं की मला तडा जाईल असं वाटायचं. माशाला जे सहज पचतं तेच कोळंबीला विष असू शकतं, एवढं साधं गणित! पण नाही. बाबा बोलले म्हणजे विषय संपला.

मित्रांनो, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत तो प्रकार व्हायचा. बाबांची एक तांब्याची कळशी आहे. आरओचं पाणी तिच्यात भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी दोन पेले प्यायचे. "मशीनचं पाणी मेलेलं असतं. तांब्यात ठेवलं की जिवंत होतं," असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. उरलेलं पाणी ते प्लास्टिकच्या जगमध्ये काढून माझ्यात ओतायचे. माझ्यातलं पाणी आटतं ना, तेवढी भर. आणि वर मायेनं म्हणायचे, "आपण पितो तेच त्यांनाही. आपल्या घरात भेदभाव नाही."

दर रविवारी ती कळशी चिंच आणि मीठ लावून ते स्वतः घासायचे. अशी लखलखीत की तिच्यात तोंड बघून भांग पाडावा. घासल्यावर तांबं उघडं पडतं आणि रात्रभरात जास्त सुटतं. पाणी आटून जातं, तांबं कुठे जाणार? ते माझ्यातच साठत राहायचं. सोमवारी सकाळी ती ताजी खेप माझ्यात पडली की संध्याकाळपर्यंत एक कोळंबी आडवी. मी बघत होते. पण काचेला तोंड असतं तर या घरात कुणी मला ठेवून घेतलं असतं का!

चाळीसच्या अकरा झाल्या. त्यातल्या एकीच्या पोटाखाली अंडी धरलेली होती, मोहरीहून बारीक, पंचवीस-तीस. उन्नतीनं तिला पाहिलं आणि शाळेला उशीर होईपर्यंत ती माझ्या काचेला नाक लावून उभी राहिली. त्याच संध्याकाळी बाबांनी निकाल दिला.

"हे बघ, मला घरात रोज उठून मरण बघवत नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो. मरणं थांबलं नाही तर टाकी हौसेरावांना परत."

"पण बाबा, ती अंडी धरून आहे!"

"म्हणूनच म्हणतो. तुझ्या हातून नाही जमत, कबूल कर. त्यात लाज कसली?"

बाबांचे डोळे खरंच ओले होते. हेच तर मला सहन होत नाही. स्वतःच्या हातानं विष घालायचं आणि स्वतःच रडायचं! असला अज्ञानी दयाळूपणा मला एका भल्यामोठ्या दगडापेक्षाही जड वाटतो.

त्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर उन्नती दिवाळ्याला गेली आणि पैजेचा तो प्रश्न विचारून बसली. घरी येऊन तिनं आईला सगळं साभिनय सांगितलं, म्हणून मलाही कळलं. मावशींनी आधी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगो, जाल्यान आयली का मरते. आजून कशानं मरनार?" जाळ्यात येऊन मरते हे ऐकून मनस्वी आणि संघमित्रा हसून हसून एकमेकींवर कोसळल्या. आमची उन्नती मात्र उठली नाही. पूर्वी असती तर पळाली असती. तिनं चाळीसच्या अकरा झाल्याचं सांगितलं, अंडीवालीचंही सांगितलं.

मावशींनी कोयता खाली ठेवला. "खारीन मावरा मेला का आमी मावऱ्याला नाय बगत बसत. वार बगतू. कंचे वाराला मेला, त्याचे आदी पानी कुठनं आयला. तुजे घरान कंचे वाराला मरतान?"

म्हणजे खाडीत मासे मेले की आधी वार बघायचा, आणि त्याच्या आधी पाणी कुठून आलं ते. सात महिने पाण्याच्या चाचण्या करणाऱ्या पोरीला वार माहीत नव्हता! मी तिची बाजू घेणार नाही. पण घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढलं, वहीतल्या मरणाच्या तारखा काढल्या आणि लाल पेनानं गोल करत गेली. सोमवार. सोमवार. एक चुकार मंगळवार. पुन्हा सोमवार.

"आई, रविवारी आपल्याकडे काय होतं?"

"काय होणार? मटण. तुझे बाबा कळशी घासतात. मी धुणं—"

"कळशी." उन्नती ओट्याजवळ गेली, कळशी उचलून आत बघितलं आणि मग अगदी साळसूद आवाजात म्हणाली, "आई, हिच्यात कोकम सरबत करून ठेवू?"

"वेडी आहेस का? कळकेल ना! तांब्याच्या भांड्यात आंबट घालतात का कधी? उलट्या होतील सगळ्यांना."

आई बोलून गेली आणि हातातला झारा तसाच धरून उभी राहिली. दोघी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मित्रांनो, नऊ वर्षांनी मला दुसरा शहाणा माणूस भेटला, आणि एकाच्या जागी दोन भेटले. आजीच्या आजीपासून या घरातल्या बायकांना ठाऊक आहे की तांबं सुटतं. फक्त ती अक्कल फोडणीच्या पलीकडे आणायची कुणाला सुचली नव्हती.

उन्नतीनं बाबांना लगेच काही सांगितलं नाही. ते "आयुर्वेद काय खोटा?" म्हणून दोन तास बोलले असते. तिनं तांबं तपासायचे थेंब आणले आणि माझं पाणी नळीत घेऊन पाहिलं. रंग बदलला. मग रोज तिनं माझं थोडं थोडं जुनं पाणी काढलं आणि क्लोरीन काढलेलं पाणी बारीक नळीतून थेंब थेंब सोडलं. "पाण्याला वेळ द्यायचा," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मला उगीचच पावण्याचा गाळा आठवला. बाबांनी भरून आणलेला जग ती रोज दारातच घ्यायची. "द्या, मी घालते." बाबा आंघोळीला वळले की तो बेसिनमध्ये. माझ्यात पडायचं मशीनचं ते साधं, बाबांच्या भाषेत मेलेलं पाणी. आटलेल्याची भर करायला तेच तर हवं होतं!

पहिला सोमवार आला. उन्नतीनं शाळेतून आल्या आल्या बॅग न टाकता माझ्यातल्या कोळंब्या मोजल्या. अकरा. दुसरा सोमवार. तिनं तीनदा मोजल्या, चौथ्यांदा आईनं मोजल्या. अकराच.

आणि तिसऱ्या सोमवारी सकाळी शेवाळावर काहीतरी हललं. पापणीच्या केसाएवढी, पारदर्शक, पाय मोजता न येणारी पिल्लं. पंधरा-वीस तरी होती. माझ्यासारख्या काचेपेक्षाही जास्त आरपार! त्यांना बघून मला जे वाटलं ते मी इथे सांगणार नाही. माझी एक प्रतिष्ठा आहे.

बाबा कळशीतल्या पाण्याचा जग घेऊन आले, वाकून बघितलं आणि त्यांची छाती फुगली. "बघितलंस, वैशाली? माझ्या पाण्याचा गुण! म्हणत होतो ना, हळूहळू लागू पडतं."

आईला ठसका लागला.

मित्रांनो, प्राणी पाळणाऱ्यांसाठी माझ्यापाशी एकच विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करणार नाही, कारण मला हात नाहीत. तुमची माया तुमच्यापाशी ठेवा. आधी विचारा, याला काय चालतं? तुम्हाला जे अमृत वाटतं ते समोरच्याला काय वाटतं? प्रेमाच्या नावाखाली जे ओतता ते एकदा तपासून बघा. आणि कुणी मेलं की घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातांकडे बोट दाखवायच्या आधी स्वतःच्या हातात काय आहे तेही बघा.

असो. बाबा जग वाकवणार, तेवढ्यात उन्नतीनं माझ्यावर आडवा हात धरला. दुसऱ्या हातात लाल गोलांचं कॅलेंडर होतं. ते तिनं बाबांसमोर टेबलावर पसरलं आणि एकेका सोमवारवर बोट ठेवत गेली, अगदी शेवटच्या तीन कोऱ्या सोमवारांपर्यंत. बाबांनी कॅलेंडरकडे बघितलं, ओट्यावरच्या कळशीकडे बघितलं. आईनं हळूच कोकमाचं सांगितलं. बाबांच्या हातातला जग आपोआप सरळ झाला.

"म्हणजे मी..." ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

उन्नतीनं त्यांच्या हातातून जग काढून घेतला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. टाकी हौसेरावांकडे जाणार नाही. ती माझ्या टेबलावर येणार, आणि हिच्यात एक थेंबसुद्धा माझ्याशिवाय कुणीही घालणार नाही. बाबा, तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही रोज सकाळी फक्त मोजायच्या."