तर्री कुणाला, बोट्या कुणाला

महिन्याभरात आरोहीचं रक्त वाढायचं सोडून किंचित उतरलं होतं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक होतं, ते सात पूर्णांक नऊ झालं. मोहिनीनं यंत्राची पट्टी बदलून पुन्हा तपासलं, आकडा तोच. सहावा महिना सरत आला होता. बाळंतपणात रक्त जरा जास्त गेलं, तर या पोरीकडे गमवायला काही शिल्लकच नव्हतं.

उपकेंद्राच्या नोंदवहीत सगळं ठीक होतं. लोहाच्या गोळ्या : रोज घेते. मटण : आठवड्यातून एकदा. सासूनं, सिंधूबाईंनी, स्वतःच सांगितलं होतं, "दर ऐतवारी शिजतंय आमच्यात. लेकराला मी काय कमी पडू देत न्हाई." घर मेंढरांचं, तेव्हा त्यात खोटं वाटावं असंही काही नव्हतं. तरी मोहिनी सुट्टीच्या रविवारी सेनगावहून जीपनं आरोहीच्या गावी उतरली. उपकेंद्राची आरोग्य अधिकारी म्हणून तीन वर्षांत ती एवढं शिकली होती, की नोंदवहीत 'खाते' लिहिलेलं असतं. काय आणि किती, ते ताटापाशी बसल्याशिवाय कळत नाही.

ती पोचली तेव्हा पातेलं चुलीवरून उतरलं होतं. सासरे दगडोबा भिंतीला टेकून ताटावर बसले होते. आरोहीचा नवरा हनुमान मेंढरं घेऊन माळावर होता. त्याचा डबा बाजूला उघडा ठेवला होता. सिंधूबाईंनी पळी तिरपी करून अलगद बुडवली आणि वर तरंगणारी लालभडक तर्री तेवढी वाटीत काढली. एक पळी, दुसरी पळी, तिसरी. ती वाटी आणि भाकरी सुनेपुढे ठेवली. मग मटणाच्या बोट्या दगडोबांच्या ताटात आणि हनुमानच्या डब्यात गेल्या.

मोहिनीला ओळखीचा राग आला. हे तिनं घरोघर पाहिलं होतं. गडीमाणसांना बोट्या, बायांना पाणी. ती तोंड उघडणार तोच दगडोबा म्हणाले,

"बघा मॅडम, चांगलं चांगलं सगळं सुनेला. आमच्या नशिबी चोथा."

"गुमान खावा," सिंधूबाई म्हणाल्या. "तुमाला बाळंत व्हायचं हाय का?"

मोहिनीचा राग जागच्या जागी विरला. इथं सुनेच्या तोंडचं कुणी काढून घेत नव्हतं. घरातलं सगळ्यात मोलाचं तिलाच मिळत होतं. मोलाचं काय, तेवढं ठरवण्यात चूक झाली होती.

"मावशी, हिला बोटी नाही वाढली?"

"बोटीत काय ऱ्हातंय शिजल्यावर? सत्व सगळं वर येतंय. दूध तापवलं तर साय कुठं येती? वरच ना. आन रंग बघा की तर्रीचा. रक्तावानी."

"ताकद म्हणाल तर तुमचं बरोबर आहे," मोहिनी म्हणाली. ती नेहमी आधी खरं तेवढं मान्य करी. "शंभर ग्रॅम तेलात नऊशे उष्मांक असतात. तेवढ्याच मटणात सव्वाशे-दीडशे."

"बघा. मेंढरांमागं आमी दिवसभर चालतो ते तेल-चटणी-भाकरीवरच."

"चालायला तेल चांगलं. पण रक्ताला लोह लागतं, अंग भरायला प्रथिनं लागतात. ते मटणात आहे. तेलात लोह शून्य, प्रथिनं शून्य."

"शून्य म्हंजी? थोडंबी न्हाई?"

"थोडंबी नाही."

"मग ह्यो रंग कशाचा?"

"तिखटाचा. मिरचीचा रंग तेलात उतरतो. लोह तेलात उतरत नाही, ते बोटीतच राहतं."

मोहिनीनं पिशवीतून तक्ता काढला. सिंधूबाईंनी तो पाहिलाही नाही. त्या उठल्या, करडईच्या तेलाची बरणी आणली, पळीत थोडं कोरं तेल घेऊन निखाऱ्यावर धरलं आणि चिमूटभर तिखट टाकलं. तेल लाल झालं. ते दुसऱ्या वाटीत ओतून त्यांनी आरोहीपुढची वाटी उचलली आणि दोन्ही घेऊन दारात उजेडात गेल्या. बराच वेळ एकीत बघत, मग दुसरीत.

मोहिनीनं तक्ता पिशवीत परत ठेवला. एका प्रश्नासाठी दोन नमुने घ्यायचे, एकात हवी ती गोष्ट ठेवायची, दुसऱ्यात ती वगळायची, आणि फरक पडतो का ते पाहायचं, हे शिकायला तिला कॉलेजात जावं लागलं होतं. या बाईनं ते चुलीपाशी, कुणी न सांगता, चार मिनिटांत केलं होतं.

"एकच रंग हाय," सिंधूबाई परत येऊन म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आन गाभण मेंढीला आमी तेल कुठं पाजतो? करडईचं तेल काढून घेतो, आन तिला पेंड चारतो. अंग तिचं पेंडीवर भरतंय." त्या आरोहीकडे वळल्या. "दोन म्हैने तेल पाजलं गं मी तुला."

"मला आवडायचं, आत्याबाई," आरोही म्हणाली.

"आवडायचं म्हणं."

त्यांनी पातेल्यातून चार बोट्या शोधून सुनेच्या ताटात घातल्या, वर लिंबाची फोड ठेवली.

"मग तर्री मला," दगडोबांनी ताट पुढं केलं.

"तुमाला काहून? बसून ऱ्हायले दिवसभर." तर्रीची वाटी हनुमानच्या डब्यात रिकामी झाली. "त्यो चालतोय. त्याला पायजे."

मोहिनीनं आहारशास्त्राचं एक अख्खं प्रकरण ताटावर वाटलं जाताना पाहिलं. निघताना तिनं गोळीचं विचारलं. आरोही गोळी सकाळच्या चहासोबत घेत होती. चहानं लोह अंगी लागत नाही, गोळी चहापासून दोन तास लांब ठेवायची, असं तिनं सांगितलं. एकट्या मटणावर विसंबायचं नाही, हेही दोनदा सांगितलं.

चार आठवड्यांनी दोघी उपकेंद्रात आल्या. आरोहीच्या बोटाचा थेंब पट्टीवर गेला आणि सिंधूबाई यंत्राकडे अशा बघत राहिल्या, जणू मेंढी व्यायला आली होती.

"नऊ पूर्णांक एक," मोहिनी म्हणाली.

"किती पायजे?"

"अकरा."

"म्हंजी अर्ध्याला बी न्हाई पोचलो."

"नाही. पण आता चढायला लागलंय."

आरोही पहिल्यांदा हसली. सिंधूबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"मॅडम, हे मटणानं चढलं का गोळीनं?"

मोहिनीनं खरं तेच सांगितलं. "गोळीनं जास्त, असा माझा अंदाज. पण नक्की सांगता येणार नाही. आपण दोन्ही एकदमच बदललं ना."

"मग काहून एकदम बदलायला लावलं? आधी एक बदलायचं, मग दुसरं. म्हंजी समजलं असतं."

मोहिनीनं पेन खाली ठेवलं. उपकेंद्रात आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तपासणीला येणाऱ्या साहेबांनीसुद्धा.

"समजलं असतं, मावशी. पण तेवढ्यात आरोहीचा एक महिना गेला असता."

सिंधूबाईंनी सुनेकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"व्हय. मग बराबर केलं."