परकरांनी भरलेला टेम्पो

क्रांतीचा फोन आला तेव्हा समीना दुकानात शिडीवर चढून वरच्या फळीवरचे गाऊन खाली काढत होती. ईद तोंडावर आलेली, बायकांच्या कपड्यांचा माल नुकताच भरलेला, आणि गिऱ्हाईक मात्र एकही नाही. कराडजवळच्या मलकापूरच्या त्या पेठेत जो तो रस्त्यात उभा राहून मोबाइलवर सांगलीचं पाणी बघत होता.

क्रांती तिची शाळेपासूनची मैत्रीण. लग्न होऊन सांगलीला गेली आणि विश्रामबागेत एका शाळेत बाई म्हणून लागली. आता त्याच शाळेत पूरग्रस्तांचा कॅम्प लागला होता.

"समे, ऐक," क्रांती कुजबुजली.

"मोठ्यानं बोल की गं. काही ऐकू येत नाही."

"मोठ्यानं नाही बोलता येत. इथं सगळे बाप्ये आहेत." मग बहुधा ती कुठल्या तरी कोपऱ्यात गेली, कारण आवाज जरा मोकळा झाला. "बायका कमरेपर्यंत भिजून नावेतून आल्यात. वरून साड्या देतोय आम्ही, पण आत काय? परकर नाहीत, ब्लाउज नाहीत, आतलं तर काहीच नाही. ओल्यावरच कोरडं नेसून बसल्यात. पाळी आलेल्या पोरी जाग्यावरनं उठत नाहीत. पॅडचे खोके आलेत, पण ते ठेवलेत हेडमास्तरांच्या खोलीत, आणि तिथं दिवसभर पुरुषांची बैठक. कोण जाऊन मागणार? मी बाकीच्या कामातनं मान वर काढीपर्यंत मलाही कळलं नव्हतं गं."

समीना शिडीवरून खाली उतरली. तिनं एकदा दुकानाकडे पाहिलं. भिंतीभर परकर, ब्लाउज, गाऊन, काउंटरखाली आतल्या कपड्यांची खोकी, कोपऱ्यात पॅडच्या पुड्यांची चळत. तिकडे एवढ्या बायका ज्याच्यासाठी अवघडून बसल्या होत्या ते सगळं तिच्या या चिंचोळ्या दुकानात हारीनं लावून ठेवलेलं होतं!

ती तशीच बाहेर पळाली. तिचा नवरा वसीम टेम्पो चालवायचा. मशिदीतली पोरं आणि गणपती मंडळातली पोरं मिळून त्याच्या टेम्पोत बिस्किटांचे खोके आणि पाण्याच्या बाटल्या भरत होती. उद्या सकाळी टेम्पो सांगलीला निघायचा होता.

"अहो, बिस्किटं उतरवा."

"उतरवा? आन् भरू काय?"

"माझं दुकान!"

तिनं वसीमला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. "ते सगळं खरं हाय गं," तो म्हणाला, "पर ह्या पोरांना काय सांगू, काय भरतोय म्हणून?"

"परकर म्हणून सांगा. त्यांच्या आयाही नेसतात."

पोरं खीखी करून हसली आणि मग मुकाट्यानं कामाला लागली. बिस्किटं दुसऱ्या गाडीत गेली. समीनाची सासू अख्तरबी ओसरीवर चटई टाकून बसली आणि तिनं गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. बिननाडीचा परकर पाठवून उपयोग काय? म्हणून सगळ्या जणी नाड्या ओवायला बसल्या. कुणी पिना आणल्या, कुणी साबणाच्या वड्या. एकीनं घरातली जुनी साडी आणली तर अख्तरबीनं ती परत पाठवली. "वापरलेलं नको. आपण स्वतः घालू असंच द्यायचं." कुणीतरी विचारलं, आता ईदच्या मालाचं काय? "ईद पुढच्या वर्षी पन येती," म्हातारी म्हणाली आणि नाडीचं टोक दातांनी तोडलं.

सकाळी उजाडताच समीना आणि वसीम निघाले. नेहमीचा रस्ता पाण्याखाली होता, म्हणून विट्यावरून, तासगावला वळसा घालून, मिरजेकडून शिरायचं ठरलं. रस्त्याला नुसती रीघ लागली होती. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांवर मदतीचे फलक. कुणी भाकरी नेत होतं, कुणी वैरण, कुणी औषधं. गावोगावच्या चौकात पोरं गाड्या थांबवून हातात चहा देत होती आणि पुढचा कुठला रस्ता चालू आहे ते ओरडून सांगत होती. समीनाला राहवत नव्हतं. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून समोरून येणाऱ्या रिकाम्या गाड्यांना हात करत होती. मधेच तिला स्वतःचीच शरम वाटली. लोकांची घरं बुडालीत, आणि आपल्याला जत्रेला निघाल्यासारखं काय वाटतंय? पण पुढची गाडी दिसली की हात आपोआप वर जायचा.

शाळेच्या फाटकात लालासाहेब उभे होते. कॅम्प ज्या ट्रस्टनं उघडला होता त्याचे हे मुख्य कार्यकर्ते. गळ्यात शिट्टी, पायात गमबूट, आणि ओरडून ओरडून बसलेला आवाज.

"काय आणलंय?"

"होजिअरी," वसीम पुटपुटला.

"म्हंजे कपडेच न्हवं? कपडे नकोत! त्ये बघा तिकडं." व्हरांड्यात कपड्यांचा डोंगर पडला होता. कोट, टाय, फाटके गणवेश, टिकल्यांचा एक घागरासुद्धा. "लोकांनी कपाटं रिकामी केल्यात आमच्यावर. न्या परत. मागच्या गाड्यांस्नी वाट द्या."

मागून हॉर्न वाजायला लागले. वसीमनं गाडी मागं घ्यायला गिअर टाकलासुद्धा. समीना दार उघडून खाली उतरली. फाटकाशी बरेच पुरुष होते आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. दुकानात ती बायकांशी हे शब्द दिवसभर बोलायची, पण बाप्यांसमोर कधी नाही.

"दादा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा निघाला, "परकर आहेत. ब्लाउज आहेत, निकर आहेत, ब्रा आहेत, पॅड आहेत. सगळं कोरं. तुमच्या त्या ढिगात ह्यातलं काही असेल तर मी आत्ता परत जाते."

लालासाहेबांनी ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"न्हाई, ताई," ते हळूच म्हणाले. "ह्यातलं कायबी न्हाई. आमच्या कुणाच्या डोस्क्यातच आलं न्हाई बघा." आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकली. "ए, व्हा बाजूला! ह्या टेम्पोला आदी आत सोडा!"

क्रांतीनं एक वर्ग रिकामा करून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून ठेवली होती. माल लागला, दाराला पडदा झाला. पण येईना कुणीच. मोठ्या हॉलमध्ये बायका सतरंज्यांवर अंग चोरून बसल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या. मधोमध एक उंचनिंच म्हातारी पाठ ताठ करून बसली होती. चंद्राबाई. नदीकाठच्या गावातली उसाची मोठी बागाईतदार, सुभेदाराची विधवा. नऊवारी लुगडं अंगाला ओलंगच्च चिकटलेलं.

"ती उठल्याशिवाय एक जण उठायची नाही," क्रांती समीनाच्या कानात म्हणाली.

समीना जाऊन तिच्याशेजारी बसली. "आजी, लुगडं वाळेपर्यंत दुसरं काहीतरी घाला."

"आमी कुणाचं घेत न्हाई, बाय. आमी देनारी मानसं."

"पण ओलं आहे ना."

"वाळंल अंगावरच."

"काल आलात तुम्ही. वाळलं का?"

उत्तर द्यायला म्हातारीनं तोंड उघडलं आणि तिला सणसणीत शिंक आली. आसपासच्या पोरी पदराआड हसल्या. समीनानं हातातला गाऊन पुढं केला तशी ती मागं सरकली.

"ह्ये? सुभेदाराची बायकू म्या. आता झगा घालून हिंडू व्हय?"

मग समीना मनात होतं तेच बोलली. "आजी, मी कराडकडची. इथं मी कुणाला ओळखत नाही. कुणाला काय लागतंय, कोण लाजून मागणार नाही, मला कसं कळणार? माल आणलाय, पण वाटायचा कसा ते मला येत नाही. तुम्ही आलात तर होईल."

चंद्राबाईनं तिला खालून वर न्याहाळलं.

"म्हंजे वाटायला बसायचं म्हन की!"

"व्हय."

"मग आदीच सांगायचं न्हाई का?" असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकून उठलीच.

वर्गाचं दार लागलं. आतून थोडा वेळ कुरकुर ऐकू आली, बांगड्या वाजल्या, आणि मग एकदम मोठा आवाज आला, "आगं बया, ह्येला खिसा हाय!" पिवळ्या फुलांच्या तांबड्या गाऊनमध्ये चंद्राबाई दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून टॉवेल, कमरेची मिश्रीची डबी खिशात. हॉलमधल्या बायका आ वासून बघत राहिल्या.

"बगताय काय गं? उठा! का निमंत्रन पायजे?"

मग जी झुंबड उडाली ती समीनाला आवरता आवरेना. चंद्राबाई टेबलामागं बसून भराभर सांगत होती. "ती खांबाला टेकलीया न्हवं, तिला पाचवा म्हैना हाय, तिला ढगळ दे. ह्या पोरीला त्या पॅडचं पुडं दोन दे, ती मागायची न्हाई, लय लाजरी हाय. आनि तू गं, सासूचं माप सांग, स्वताचंच काय सांगतीस!" दाराबाहेर लालासाहेब पाठ करून उभे होते. "ताई, आनि काय लागंल?" ते भिंतीकडं बघत विचारायचे. समीना म्हणाली, दोऱ्या, पंखे, बादल्या. बघता बघता शेजारच्या वर्गात दोऱ्या ताणल्या गेल्या, पंखे फुल्ल सुटले, आणि पिळून टाकलेली लुगडी निशाणांसारखी फडफडू लागली. पॅडचे खोके हेडमास्तरांच्या खोलीतून क्रांतीच्या ताब्यात आले.

कोरडे कपडे घालून पोरी बाहेर आल्या त्या मोठ्यानं बोलतच. कुणी कुणाची वेणी घालू लागलं, कुणी गाऊनची लांबी बघून खिदळू लागलं. सकाळपासून मुकाट असलेला हॉल गजबजून गेला. समीनाला उभ्या उभ्या रडू फुटलं आणि हसूही येत होतं.

दुपारी माल निम्म्यावर आला आणि मिरजेच्या कॅम्पमधून लालासाहेबांना फोन आला. तिकडेही हीच कथा. समीनानं बाहेर डोकावलं तर वसीम फाटकातच फोनवर गावाकडच्या पोरांना ओरडून सांगत होता. "होजिअरी न्हवं, परकर! परकर म्हनतोय मी! नाड्या घालून पाठवा! आन् कराडातल्या सगळ्या दुकानदारांस्नी सांगा, आजच्या आज!" रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं.

उरलेली खोकी पुन्हा टेम्पोत चढली. समीना पुढच्या सीटवर बसायला गेली तर तिथं चंद्राबाई आधीच बसलेली.

"आजी, तुम्ही कुठं?"

"मिरजेला. तितं आमच्या पल्याडच्या गावच्या बाया हायेत. लय हट्टी. त्या तुजं ऐकत्यात व्हय? सरक जरा. चल रं बाबा, हान गाडी!"

वसीमनं गाडी हाणली. वाटेत पाणी साचलेल्या जागा चंद्राबाईच त्याला सांगत होती, डावीकडनं घे, आता सरळ, आता हळू. मिरजेच्या कॅम्पचं फाटक दिसलं. टेम्पो अजून उभा राहिलाही नव्हता तोवर ती खिडकीतून बाहेर वाकली आणि दोन्ही हात हलवत ओरडली,

"दार उघडा रं! बायकांचा माल आलाय!"