भनपुरीला मुक्काम

मित्रांनो, तळहातावर मावेन एवढी, काळी, चपटी आणि एका कोपऱ्याला चरा पडलेली मी एक जुनी हार्ड डिस्क. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या गरगर फिरतात. केसाहूनही कमी अंतर राखून एक बारीक दांडी त्यांच्यावर तरंगते आणि लिहिते. तिचा चकतीला धक्का लागला की माझा कारभार आटोपला! अशी मी नाजूक. पण एका माणसाचे आयुष्यभराचे काम पोटात घेण्याची ताकद माझ्यात आहे.

रायपूरच्या एका दुकानातून अपर्णाताईंनी मला घरी आणले. माझी जुळी बहीणही बरोबर होती. अपर्णाताई कर्णबधिर मुलांना शिकवतात. त्यांचे यजमान अश्विन उरला या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत; घरही तिथेच. वर्षानुवर्षे ताईंनी मुलांच्या हातांच्या खुणांचे व्हिडिओ काढले. कोणत्याही पुस्तकात नसलेल्या, मुलांनी आपसांत घडवलेल्या खुणा! बोटाने गोल काढून चिमटीत कापड चोळल्यासारखे केले की झाला रायपूरचा गोल बाजार. डोळ्यांतली धूळ पुसली की झाला धुळीने भरलेला उरला. ताईंना यातून नव्या मुलांसाठी खुणांचा कोश करायचा होता.

एवढा ऐवज एकट्या संगणकावर ठेवायला ताई तयार नव्हत्या.

अश्विन म्हणाले, "इंटरनेटवर काहून नाही ठेवत सारं?"

"महत्त्वाचं ठेवते ना. पण एवढे व्हिडिओ आपल्या कनेक्शनवर चढवतो म्हटलं तर साल लागन."

मग ताईंनी बेत आखला. एक प्रत संगणकात, दुसरी घरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, जवळच्याच भनपुरीला राहणाऱ्या ओळखीच्या शांतामावशींकडे. दर महिन्याला आम्हा बहिणींची अदलाबदल व्हायची. दोघींवर उतरल्याशिवाय कॅमेऱ्याच्या कार्डातला एकही व्हिडिओ पुसला जात नसे. शिवाय घरी आले की ताई माझ्यातले जुने-नवे व्हिडिओ उघडून पाहायच्या. एकदा एका अख्ख्या वर्षाचे फोल्डर रिकामे निघाले. कॉपी अर्धवटच झाली होती! संगणकात मूळ होते म्हणून निभावले.

भनपुरीला मी स्टीलच्या डब्यात, मऊ फडक्यात, कपाटातल्या लुगड्यांमागे पडून असे. बाहेर ट्रकांची घरघर. मावशींना माझे कौतुक नव्हते.

"अवं, हे डबडं करते तरी काय?" त्या विचारायच्या.

"काही नाही करत, मावशी. आमच्यापासून दूर राहते. तेच तिचं काम."

"मग मलेही ठेव ना अशा कामावर!" म्हणून मावशी खो-खो हसायच्या. मला मात्र त्या अंधारात वाईट वाटे. बहीण तिकडे राबते आणि मी इथे नुसती पडलेली!

एका दुपारी उरल्याच्या घरी विजेच्या खांबावरची न्यूट्रल तार तुटली. घरात भलताच दाब शिरला. पंखा वेड्यासारखा फिरू लागला, बल्ब फुटले आणि संगणकातून धूर निघाला. त्याच वेळी माझ्या बहिणीवर कॉपी चालू होती. काम करता करताच ती गेली.

अश्विन स्कूटरवरून धावत भनपुरीला आले. मावशींनी डबा दिला. पण अश्विनचा चेहरा पाहून मावशींचे हसू कुठल्या कुठे गेले. "पोरा, हळू ने रे," एवढेच त्या म्हणाल्या.

घरी शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणून ठेवलेला होता. अश्विननी घाईने माझी वायर हातात घेतली.

"लावून पाहू दे, आहे का नाही सारं!"

ताईंनी त्यांचा हात धरला. "नाही! आता ही एकटीच उरली. लाईनचा भरवसा नाही. पहिले हिची कॉपी, मग पाहणं."

अश्विन थांबले. "हव," म्हणाले, आणि नवी डिस्क आणायला निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत, नीट विजेवर, मला संगणकाला जोडले. माझ्यातले काही पुसले जाऊ नये म्हणून फक्त वाचायची परवानगी ठेवली होती. मी फिरू लागले. ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत. कुठे एक अक्षरही अडखळू नये, म्हणून मी सारा जीव त्या चकत्यांत ओतला. आणि मी अडखळले नाही, मित्रांनो! सगळे उतरले. मधल्या महिन्याचे कॅमेऱ्याच्या कार्डात होतेच.

मग वर्गात मुलांसमोर पडद्यावर त्यातलाच एक जुना व्हिडिओ लागला. श्रावणी, ताईंची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत मदतनीस आहे. दोन वेण्यांची एक चिमुरडी पडद्यावर स्वतःचे नाव खुणेने सांगत होती. श्रावणीने स्वतःकडे बोट दाखवले, 'मी!' वर्गातल्या साऱ्या मुलांनी हात उंच करून पंजे हलवले. त्यांच्या टाळ्या अशाच असतात. इतका मोठा मान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

कोश आता तयार होतो आहे. मला नव्या जोडीदारणी मिळाल्या आहेत. पण माझेही वय झाले. हल्ली फिरायला सुरुवात करताना मी किंचित कुरकुरते. म्हणून सांगते, तुमच्या घरचे फोटो, कामे, आवाज एकाच जागी ठेवू नका. एक प्रत दुसऱ्याच्या घरी असू द्या, आणि ती अधूनमधून उघडून पाहा. माझ्यासारखी म्हातारी दिसली तर ती बंद पडायची वाट पाहू नका. तिच्यातले सारे नव्या डिस्कवर उतरवा आणि तिला खुशाल निवृत्त करा. त्यात आमचा अपमान नाही. आमचे ओझे कुणीतरी पुढे उचलले, एवढे कळले की आम्ही आनंदाने थांबतो.