तिसरी फेरी

माझ्या धाकट्या भावाच्या छातीला बॉनेट आलं, त्याचा आज नववा दिवस. घटस्थापनेच्या सकाळी रणधीर अंघोळ करून आला आणि म्हणाला, "आक्का, हे उघडतंय बघ." आत काही नव्हतं. चार सिलिंडरचं इंजिन बसेल एवढी मोकळी जागा होती आणि ते टेकवायची चार नवी रबरं. डॉक्टरांनी पाहिलं, हात धुतले, आणि खंडेनवमीपर्यंत काहीतरी बसवा म्हणाले. नंतर पोकळी बुजते, माणसासकट.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे. आण्णा, म्हणजे वडील, चाळीस वर्षं इंजिनं बांधतात. मी सोळा वर्षं. टर्बोचं काम माझ्याकडे असतं.

स्टँडवर दोन इंजिनं होती, दोन्ही दोन लिटरची. आधी मी लोखंडी ब्लॉकच्या इंजिनाला टर्बो जोडला आणि हवेचा दाब बारमध्ये मोजत वाढवत नेला. एक बारला ते गप्प होतं, दीडलाही गप्प, दोनला जरासं खाकरलं. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मी ते ऐकलं. आत काहीही वाजत नव्हतं. फक्त दर अर्ध्या बारला गॅरेजच्या भिंती एकेक फरशी आत आल्या. मी टायर बाहेर नेऊन ठेवले.

अॅल्युमिनियमचं हलकं आणि तोंडाळ होतं, दाब मिळायच्या आधीच पळायला तयार. दीड बारला हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचललं गेलं आणि फुस्स झालं. मी हेडचे दहाही बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, दर फेरीला जास्त घट्ट आवळले. मग ते दीडलाही टिकलं. तोवर भिंत टेबलाला टेकली होती.

"लोखंडीच घाल," आण्णा म्हणाले. "लोखंड रडत न्हाई."

काल ते घातलं. रणधीरच्या खाटेचे पाय फरशीत रुतले.

"जित्ता हाय मी," तो म्हणाला. "पर उठता येईना."

"जित्ता हाईस न्हवं? मग पडून ऱ्हा," आण्णा म्हणाले.

हा पोरगा घाटात गाडी पळवायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्यानं ते दोनदा हाड मोडून दिलं होतं. तो दिवसभर दाराकडे बघत पडला. मला ते बघवेना. मी लोखंडी बाहेर काढलं.

आज सकाळी अॅल्युमिनियमचं बसवलं. बसवताना हेड काढावं लागलं, म्हणून बोल्ट पुन्हा पहिल्यापासून. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तेवढ्यात आण्णांनी दारातून हाक मारली, "शालन, हत्यारं मांड."

आणि मी मांडली. खंडेनवमीला सोळा वर्षं मीच मांडते. पाने, सॉकेट, स्क्रूड्रायव्हर, बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना, सगळं पाटावर ओळीनं. आण्णांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. तेव्हा मला तिसरी फेरी आठवली.

लोखंडीला दोन फेऱ्या चालून जातात. अॅल्युमिनियमला नाही.

पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं शिलंगण झाल्यावरच उचलायचं. मी तरी टॉर्क पान्याला हात घातला. बोटं मिटेनात. आण्णांनी प्रयत्न केला, त्यांचीही मिटली नाहीत. मला फार भीती वाटली.

"पूजा हत्यारांची झाली," आण्णा हळूच म्हणाले. "हाताची न्हाई."

मी रणधीरसमोर बसले आणि दहा बोल्टांवर दहा बोटं ठेवली. तिथे ती घट्ट मिटली. इंजिन आपणहून सुरू झालं.

"आक्का, लई हलकं वाटतंय."

"सावकाश. पहिले हजार किलोमीटर दाब द्यायचा न्हाई."

"मी कुठं देतोय? त्योच चढतोय."

अर्धा बार झाला. भिंती एक फरशी आत आल्या आणि खाट पुढे सरकली. शिलंगणाला एकतीस तास होते. आण्णा पाटाशेजारी बसले होते, हात मांडीवर उलटे ठेवून.

एक बार. रणधीर उठून उभा राहिला. नऊ दिवसांत पहिल्यांदा तो हसला. बोटं सोडता येत नव्हती, म्हणून मीही उठले. तो दाराकडे निघाला आणि मी त्याच्यापुढे उलटी चालत राहिले. दार जिथे होतं तिथे माझी पाठ भिंतीला लागली.

दाबाचा काटा दीडवर आला. डाव्या करंगळीखालचा बोल्ट उलटा फिरायला लागला.