हिरवी रेघ

“तोंडातनं रगत आलं तर लपवू नगंस, तानू. माझ्यावाणी गप बसू नगंस. कुणाला तरी दाव.”

आक्का गालाला फडकं धरून बोलायची. तानाबाईंची थोरली बहीण ती. हिरडीचं दुखणं गाल फोडून बाहेर आलं, तेव्हा कुठं गारगोटीच्या घरात सगळ्यांना कळलं. तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसून तानाबाईंनी शब्द दिला होता.

आणि आज शाहूपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात तानाबाई खुर्चीवर आडव्या पडल्या होत्या. दाढ हलते म्हणून सून वर्षाराणीनं बळंच आणलं होतं. डॉक्टर निशांनी हिरड्यांचे फोटो काढले. पडद्यावर कॉम्प्युटरनं एकेका दाताच्या मुळाशी रेघ ओढली. सगळ्या हिरव्या. हिरडी निरोगी.

“बघा आत्ती, उगंच भ्यालासा,” वर्षाराणी हसली. “माणूस चुकंल, ह्यो न्हाय चुकत.”

“लाली, सूज असली तर हा माझ्याआधी पकडतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण याला फक्त फोटो दिसतो. दाढ हलतेय आणि हिरडी एवढी शांत कशी? मावशी, मशेरी लावता? तंबाखूनं लाली, रक्त दबतं.”

“न्हाय.”

शब्द सुटून गेला. शुक्रवार, अंबाबाईचा उपास, आणि तोंडात खोटं.

“मग बारीक सळई घालून बघते, हिरडी आतून किती सुटलीय ते. थोडं रक्त येईल.”

“आज नगं, बाई. रगत गिळलं तर उपास मोडंल.”

“उद्या या. पण याच.”

रिक्षात सून फोनवर घरी सांगत होती, सगळं हिरवं हाय म्हणून. तानाबाई पदर तोंडाला धरून बसल्या. कितीतरी महिने सकाळी उठलं की हिरडीतून रक्त यायचं. असल्या तोंडानं देवीची आरती कशी म्हणायची? म्हणून आधी मशेरी दाबून लावायची. रक्त थांबायचं, आरती निर्मळ व्हायची. देवीच पावली, असं त्यांना वाटायचं. तेच निर्मळ तोंड आज कॉम्प्युटरनं पाहिलं होतं. आक्काही मशेरी लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवार पेठेतल्या घरात त्यांनी मशेरीची डबी उघडलीच नाही. हिरडीवरून नुसतं बोट फिरवलं. बोट लाल झालं. देव्हाऱ्यापुढं ओठ उघडेनात. मग हळूच आरती म्हटली, जिभेवर खारट चव असतानाच. मधे थांबल्या नाहीत.

पायात चपला सरकवताना वर्षाराणीनं बघितलं. “कुठं निघालासा, आत्ती? मशीननं हिरवं दावलंय की.”

“व्हय गं. मशीनला मी मशेरी लावून तोंड दावलं.”

तानाबाईंनी डबी पदराच्या टोकाला बांधली, भिंतीला हात टेकत पायरी उतरल्या आणि चूळसुद्धा न भरता शाहूपुरीच्या वाटेला लागल्या.