चाकांची खांदशेकणी

नानाजी चाकाच्या नटाला लावलेल्या पान्यावर उभे राहिले. नुसता पाय टेकवून नाही, गाडीचं टप एका हाताने धरून, सगळ्या अंगाचा भार देऊन. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस भर सकाळी अंगणात पान्यावर चढून उड्या मारतो आहे हे शेजारपाजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील, याची फिकीर त्यांना नव्हती. ती विमलताई करत होत्या. तिसऱ्या झटक्याला नट कर्रकन सुटला आणि नानाजी खाली आले, पण पडले नाहीत.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. टोंगळा फुटन ना, मंग आनखी पाहीन," विमलताई त्यांच्या गुडघ्याकडे पाहत म्हणाल्या.

"फुटला तं फुटला. रजत येवाच्या आंधी रंग सुकला पाह्यजे."

रजत म्हणजे त्यांचा मुलगा. यवतमाळला नोकरीला होता, बायकोपोरांसह तिथेच राहत होता. आठ दिवसांपूर्वी त्याने फोनवर सांगून टाकलं होतं की पोळ्याला येतो आणि जाताना गाडी घेऊन जातो. कारणं त्याने मोजून तीन दिली. बाबांना दिवेलागणीनंतर दिसत नाही, हे पहिलं. जूनमध्ये त्यांनी शेजारच्या उकंडाच्या उभ्या बैलबंडीला मागून गाडी ठोकली, हे दुसरं. आणि गाडी नुसती गंजून राहिली आहे, चाकांच्या आत पाहवत नाही, हे तिसरं. नानाजींनी पहिली दोन कारणं ऐकलीच नाहीत आणि तिसरं मात्र घट्ट धरून ठेवलं. डोळ्यांवर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. गंजावर होतं.

"गंजून राह्यली म्हनते लेकाचा," फोन ठेवून ते म्हणाले होते. "चाकाच्या आत पाहतो काय? आता असं करतो का पाहतच राह्यला पाह्यजे."

मग दोन दिवस ते मोबाइलवर कोणकोणत्या पोरांचे व्हिडिओ पाहत बसले. तिसऱ्या दिवशी आर्णीला जाऊन तारेचा ब्रश, थिनर, चिकटपट्टी आणि उष्णता सोसणारा लालभडक रंग घेऊन आले. आज पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी जॅकने उचलून बाभळीच्या ठोकळ्यांवर बसवली आणि पुढची दोन्ही चाकं काढली. आत लोखंडाची एक गोल चकती दिसत होती आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून बसलेली एक जाडजूड पकड.

"ही चकती म्हंजे डिस्क. अन् हे कॅलिपर," नानाजींनी समजावलं. "ब्रेक दाबला का हे कॅलिपर डिस्कले आवळून धरते, अन् गाडी थांबते. मी कॅलिपर रंगवून राह्यलो. डिस्कले रंगाचा थेंब लागू देवाचा नसते. समजलं?"

"हाव," विमलताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं सगळं बोलणं कान देऊन ऐकलं असतं, तर घरातलं एक काम झालं नसतं.

दुपारपर्यंत नानाजींनी गंज घासला, थिनरने पुसला, चकतीवर कागद लावून कडेने चिकटपट्टी मारली. रंगाचा हात मात्र त्यांनी इतका सावकाश दिला की विमलताईंना तांदूळ सोडून पाहावं लागलं. हात थरथरत होता. थरथरला की ते ब्रश उचलायचे, हात थांबेपर्यंत वाट पाहायचे आणि मग पुन्हा टेकवायचे. एक थेंब बाहेर गेला नाही. चार वाजता त्यांनी कागद काढून फेकले, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि आभाळाकडे तोंड करून म्हणाले, "ये आता यवतमाळवाले!"

मग हातपाय धुऊन ते आतल्या खोलीत आडवे झाले आणि घोरू लागले.

गल्लीपलीकडे उकंडाच्या घरी बैल धुऊन आणले होते. खांदशेकणीचा दिवस होता. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, वर्षभर जू वाहून निबर झालेलं कातडं मऊ करायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. विमलताई या घरात आल्या त्या वर्षापासून हे काम त्यांचं होतं. नांगरणी, पेरणी, बाजार सगळं नानाजींचं. हे एक त्यांचं. दोन वर्षांपूर्वी बैल विकले. तेव्हापासून गोठ्यात भुसा-कुटाराची पोती आणि फवारणीचा पंप. मागच्या वर्षी सवयीने त्यांनी वाटीत लोणी घेतलं, गोठ्याच्या दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. नानाजींना सांगितलं, पोट जड आहे.

आज वाटी घेऊन त्या अंगणात आल्या. गाडी ठोकळ्यांवर उभी होती. वावरात, बाजारात, आर्णीला बहिणीकडे, नानाजींचं ब्लडप्रेशर दाखवायला दिग्रसला, सगळीकडे हीच तर नेते आपल्याला, त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी शोधायला सुरुवात केली की हिचा खांदा कुठे असेल. लाल रंगाजवळ ती चकती उघडी होती, घासून घासून चकाकलेली, आणि तिच्यावर बारीक चरे होते. जू घासून बैलाच्या मानेवर पडतात तसे. विमलताईंना दुसरं काही पाहायचं राहिलं नाही.

त्या डाव्या चाकाशी बसल्या. पळसाच्या पानाने लोणी-हळद घेतली आणि चकतीला चोळली, खालून वर, कड न सोडता. लाल रंगाला मात्र हात लागू दिला नाही. तेवढं त्यांना कळत होतं. त्या उठून उजवीकडे जाणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

"आई! बाबा कुठे आहेत?"

रजत एक दिवस आधीच आला होता. फाट्यावर बसमधून उतरून चालत. त्याने बॅग ओट्यावर टाकली, गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय चाललं आहे? चाकं कुठं आहेत?"

"भिंतीले टेकून हायेत. रंगवून राह्यले ते आज दिवसभर. पाह्य तं खरं, किती सुरेख झालं," विमलताई म्हणाल्या.

रजत वाकला. रंग खरोखर चांगला झाला होता. ते त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्याचं बोट चकतीवर गेलं, आणि पिवळं होऊन परत आलं.

"बाबा!"

नानाजी डोळे चोळत बाहेर आले.

"हे काय लावलं डिस्कला? लोणी? डिस्कला लोणी लावलं तर ब्रेक लागणार आहे का? उद्या चाकं बसवली असती, आईला बसवून तुम्ही निघाला असता फाट्याकडे, आणि उतारावर ब्रेक दाबला असता तर? काय झालं असतं, सांगा ना!"

 विमलताईंच्या हातातली वाटी आपोआप पदराआड गेली.

नानाजींनी चकतीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. हळदीचा वास आला असणार. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, फक्त एकदा.

"मी लावलं," ते म्हणाले.

"कशाला?"

"गंज चढू नाई म्हनून."

पेरणी फसली तर बियाणं खोटं, वाट चुकली तर रस्ता खोटा, असं म्हणणारा हा माणूस. त्रेचाळीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून विमलताईंनी ऐकले नव्हते. आणि आज, जेव्हा दिवसभर घाम गाळून त्याने एकच गोष्ट सिद्ध केली होती की मला गाडी कळते, तेव्हा तो डोळे मिटून म्हणत होता की मला काही कळत नाही.

"झालं मग," रजत म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बाबा, मी भांडायला नाही आलो. पण आता तुम्हीच सांगा."

नानाजींनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

खरं सांगायचं तर विमलताईंना आधी हायसं वाटलं. आपल्यावरचं टळलं, असं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची त्यांना अशी काही चीड आली की कानशिलं तापली. हे असं भेकडासारखं पदराआड वाटी धरून उभं राहायचं?

"त्यायनं नाई लावलं," त्या म्हणाल्या. "मी लावलं."

"आई, पुरे आता. तू मधात नको पडू."

"मी लावलं म्हनतो ना!"

"जूनमध्ये कुत्रं आडवं आलं होतं, नाही का? आज लोणी तू लावलं. आई, तू किती दिवस त्यांना झाकशील?"

 ते आडवं आलेलं कुत्रं विमलताईंनीच आणलं होतं, जूनमध्ये, फोनवर, बंडीला गाडी ठोकल्यावर. आता खरं बोलल्या तर ते खोट्याच्या रांगेत जाऊन बसलं. नानाजी खाली पाहत होते. रजत किल्ली खिशात घालत होता.

विमलताईंनी वाटी पदराबाहेर काढली. गाडीला वळसा घालून त्या उजवीकडे गेल्या, दुसऱ्या चाकाशी बसल्या, पळसाचं पान लोण्यात बुडवलं आणि मुलाच्या डोळ्यांदेखत त्या चकतीला चोळायला लागल्या. जोडीतल्या एका बैलाचे खांदे शेकून दुसऱ्याला कोणी कोरडं ठेवत नाही.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"आई! काय करून राह्यली तू!" इतक्या वर्षांची यवतमाळची भाषा रजतच्या तोंडून गळून पडली.

"पाह्यलं? आता म्हन कोनी लावलं ते." त्या उठल्या. लोण्याचे हात तसेच. "चुकी माही हाय. यायनं सकाळी सांगतलं होतं, म्या आयकलं नाई. रागवाचं तं मले रागव. पन माह्या चुकीसाठी यायची किल्ली काहून नेतं?"

रजतने किल्लीच्या खिशावर हात ठेवला.

"बैल इकले तवा तू फोनवर काय म्हनला, आठोते? बरं झालं, कटकट गेली. मले इचारलं कोनं? न तू, न यायनं. या दिवशी माह्या हाताले काम रायत होतं बाप्पा. गोठा रिकामा झाला. आता गाडी नेशीन. पुढच्या साली मी आवतन कोनाले देऊ, तुह्या सोफ्याले?"

नानाजींना हसू आलं होतं की काय कोण जाणे. त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"पण आई," रजत म्हणाला, आता अगदी हळू, "त्यांना संध्याकाळचं दिसत नाही गं."

"नाई दिसत."

"विमल!" नानाजी म्हणाले.

"काय विमल? नाई दिसत तुमाले. उकंडाची बंडी हत्तीएवढी होती, तेबी नाई दिसली. कुत्रं नवतं तिथं, म्याच सांगतलं खोटं. आता नाई सांगत." त्या पुन्हा मुलाकडे वळल्या आणि हात पुढे केला. "आन ती किल्ली."

रजत उभाच राहिला. आईला त्याने असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं; तो आला की ती फक्त 'जेवला का' विचारायची. पलीकडे उकंडाच्या बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. शेवटी त्याने खिशातून किल्ली काढली आणि त्या पिवळ्या, ओशट तळव्यावर ठेवली.

नानाजींनी लगेच आपला हात पुढे केला.

विमलताईंनी मूठ मिटली.

"आंधी पुसा," त्या म्हणाल्या. "तुमी एकीकडून, तो दुसरीकडून. लोन्याचा ठिपका राह्यला नाई पाह्यजे."

"आतल्या ब्रेकपॅडला लागलं नसलं म्हणजे बरं," रजत पुटपुटला आणि बाह्या वर करून थिनरची बाटली शोधायला लागला.

बाप आणि लेक दोन चाकांशी उकिडवे बसले. दोघांची फडकी चकत्यांवरून फिरू लागली. मधूनच नानाजी म्हणाले, "वरची कड राह्यली तुही," आणि रजत म्हणाला, "तुमचीही राह्यली, बाबा." थिनरचा उग्र वास अंगणभर पसरला. विमलताईंनी नळावर राखेने हात खसखसून धुतले, पदराला कोरडे केले आणि परत येऊन दोन्ही चकत्यांवर आळीपाळीने बोट ओढून पाहिलं. बोट कोरडं राहिलं.

मग त्यांनी गाडीचं उजवीकडचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या.

"अवो, तिथं काय?" नानाजी खालून म्हणाले.

"ब्रेक लागते का नाई ते दाबून पाहतो. तुमी चकत्या हातानं फिरवा. लागला तं मंग किल्लीचं पाहू, कोनाजवळ ठेवाची ते." त्यांनी पाय लांब केला. चप्पल पेडलपासून चार बोटं अलीकडेच राहिली. त्या सीटवर जरा पुढे सरकल्या, तरी पोचली नाही.

"हे सीट पुढं कसं घेतेत?" त्यांनी विचारलं.

खाली दोन्ही फडकी थांबली.  मग बाप आणि लेक, दोघेही एकाच वेळी सांगायला लागले.