पिच्छा कोण पुरवतं?

टायपिस्टला शब्दाचं स्पेलिंग आलं की पुरे, अर्थाची काळजी साहेबांनी करायची. इन्स्टिट्यूटमध्ये हेच शिकवलं होतं आणि त्र्याहत्तर सालच्या त्या मंगळवारपर्यंत मला ते पटतही होतं. अंधेरीतलं आमचं मच्छीमार्केट एका ट्रस्टचं होतं, आणि त्याच्या कचेरीत मी नवीनच लागले होते. त्या दिवशी सबनीस साहेबांनी अंजनाबाईंना पाठवायचं पत्र सांगितलं. अर्ज नामंजूर, ओटा पहिल्या तारखेला रिकामा करावा, आणि यापुढे या कचेरीला 'इम्पॉर्ट्यून' करू नये. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. साहेबांनी स्पेलिंग सांगितलं, मी एकही चूक न करता टाइप केलं.

अंजनाबाई वेसाव्याच्या कोळीण. मार्केटातला मासळी विकायचा तिसरा ओटा त्यांच्या वारलेल्या सासूच्या, पार्वतीबाईंच्या नावावर होता. सासू वारली की ओटा सुनेच्या नावावर व्हायचा, ट्रस्टचा नियमच तसा. एवढ्यासाठी बाई वर्षभर दर शुक्रवारी कचेरीत येत होत्या. आणि साहेब काय विचारायचे? कागदाचं नाव नाही. "पापलेट आहे का गं आज?" बाई टोपलीतून पापलेट काढून द्यायच्या, शिपाई ते पिशवीत घालायचा, आणि साहेब म्हणायचे, "बघतो, पुढच्या आठवड्यात ये." वर्षभर फुकटचं खाल्लं या माणसानं, पण एक काटा कधी घशात अडकला नाही!

साहेब जेवायला गेल्यावर मी कपाटातली डिक्शनरी काढली. इम्पॉर्ट्यून करणं म्हणजे नकोशा मागण्या करकरून एखाद्याचा पिच्छा पुरवणं. माझं डोकंच फिरलं. पण बाबांची गिरणीतली नोकरी सुटलेली, घर माझ्या पगारावर. पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि टपालात टाकलं. त्याची लाज मला आजही वाटते.

शुक्रवारी सकाळी मासळी घ्यायला गेले तर तिसऱ्या ओट्यापाशी ही गर्दी. अंजनाबाई नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून बसलेल्या. मागच्या भिंतीला मी टाइप केलेलं ते पत्र खळीनं चिकटवलेलं, आणि त्यावर हळदकुंकवाची बोटं. कोळीवाड्यात नवी होडी आली, नवं जाळं आलं की आधी हळदकुंकू आणि नारळ. इंग्रजी कागद आणि वर जांभळा शिक्का बघून बाईंना वाटलं, ओटा नावावर झाला! आजूबाजूच्या कोळणींना त्या खोबरं वाटत होत्या.

"ये गो बाय! तुज्याच हातचा कागद ना ह्यो?" त्यांनी माझ्या पिशवीत बोंबलांचा अख्खा वाटा ओतला. "पैशे नको. आज आई एकवीरा पावली."

बोंबील घेऊन निमूट घरी जाता आलं असतं. माझ्यानं ते झालं नाही.

"बाई, हा कागद मंजुरीचा नाही," मी म्हटलं. "ओटा काढून घेतलाय. आणि वर लिहिलंय, तुम्ही नको त्या मागण्या करून कचेरीचा पिच्छा पुरवता."

हातातला खोबऱ्याचा तुकडा हातातच राहिला. मग त्यांचा आवाज असा चढला की पलीकडचा भाजीवाला उठून उभा राहिला.

"पिच्छा मी पुरवतंय? माज्या सासूचा ओटा मागतंय, त्याच्या बापाचा नाय! दर शुक्कारी पापलेट कोन मागतो? त्याला काय बोलतात इंग्रजीत?"

"तेच, बाई. तोच शब्द."

"मंग लिव. त्याच्या वरच्या सायबाला लिव."

दुपारी कचेरीच्याच मशीनवर मी ट्रस्टच्या अध्यक्षांच्या नावानं बाईंचं पत्र ठोकलं. आपले अधिकारी शरच्चंद्र सबनीस यांनी मला वर्षभर पापलेटासाठी इम्पॉर्ट्यून केलं आहे. बाईंनी खाली अंगठा उठवला. अध्यक्षांचं टपाल साहेबांच्या टेबलावरून जायचं, म्हणून त्यांनीच ते आधी वाचलं.

साहेबांचा चेहरा उतरला आणि जीभ एकदम गोड झाली. "अहो अंजनाबाई, बसा ना. गैरसमज झाला." वर्षभर न झालेलं काम पाच मिनिटांत झालं. त्यांनी स्वतः हुकूम लिहिला, शिक्का मारला, कागद पुढे केला. "आता ही तक्रार तेवढी मागे घ्या."

बाईंनी हुकूम माझ्या हातात दिला. "वाच. मराठीत सांग."

मी दोनदा वाचला. "ओटा तुमच्या नावावर झाला, बाई. या वेळी खरंच."

त्यांनी कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत घातली. "ओटा माज्या हक्काचा, तो मना मिलाला. ती चिठ्ठी पापलेटाची हाय. ती वर जानार."

साहेब माझ्याकडे वळले. "नलिनी, हे इंग्रजी तुझं. नोकरीचा विचार कर."

विचार केला होता. रडू येत होतं, पण त्याहून राग जास्त येत होता. मी टेबलावरचं पत्र उचललं, चपला घातल्या आणि म्हटलं, "अध्यक्षांचा बंगला जुहूला आहे, बाई. चालत जाऊ."

साहेब जिना उतरून रस्त्यापर्यंत आमच्या मागे आले. "अहो, ऐका तरी! माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. एवढं एकदा ऐका, बाई!" मार्केटातले सगळे बघत होते.

अंजनाबाईंनी टोपली डोक्यावर चढवली आणि मागे न बघता म्हणाल्या, "सायबा, आमचा पिच्छा सोड."